ओतिलिया का थांबली नाही

गावच्या जत्रेत सोडत निघाली तेव्हा ओतिलिया सियाचोकेने तिकीट घेतलं होतं ते कालवडीसाठी. पहिलं बक्षीस शर्यतीची सायकल, दुसरं कालवड. सायकलीकडे तिने धड पाहिलंही नव्हतं. कालवडीला मात्र ती दोनदा जाऊन भेटून आली होती, दात बघितले होते, पाठीवरून हात फिरवला होता आणि गोठ्याचा एक कोपरा झाडून ठेवला होता. पाद्रीबाबांनी टोपलीत हात घातला, चिठ्ठी उलगडली आणि पहिल्या बक्षिसाला तिचंच नाव वाचलं.

“फादर, बदलून मिळेल का?” तिने गर्दीतूनच विचारलं.

सगळा चौक हसला. कालवड लागली ती वरच्या वाडीतल्या एका माणसाला, आणि तो काही बदलायला तयार होईना. मग ओतिलिया सायकलीचं हँडल धरून, गाय दाव्याला धरून न्यावी तशी ती घरी घेऊन आली.

सायकल तिला नवीन होती असं नाही. बोयाकाच्या डोंगरांत सायकल कोणालाच नवीन नसते, आणि तिबाकुता गावात तर नाहीच नाही. लहानपणी ती दुधाचा कॅन हँडलला अडकवून सडकेपर्यंत यायची. लग्न झाल्यापासून रोज सकाळी भट्टीतून निघालेल्या आल्मोहाबाना टोपलीत भरून दुकानादुकानाला पोचवायची. चीज घातलेले ते मक्याचे गोल पाव कापडाखाली वाफाळत असायचे, आणि ओतिलिया गल्लीतून गेली हे लोकांना त्या वासावरूनच कळायचं. अंगावर लोकरीचा रुआना, डोक्यावर हॅट, पायात रबरी बूट. धुक्यात बूट ओले झाले की पाय पेडलवरून सटकायचा आणि पेडल गर्रकन फिरून नडगीवर बसायचं. पन्नाशी उलटेपर्यंत तिच्या दोन्ही नडग्यांवर त्याचे एवढे वण झाले होते की नवरा म्हणायचा, ह्यांच्या पायांवर आपल्या सगळ्या रस्त्यांचा नकाशा आहे.

या नव्या सायकलीची पेडलं मात्र तिला कळेनात. पाय ठेवायला जागाच नव्हती. मुठीत मावेल एवढा लोखंडी तुकडा, त्याला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे जबडे. ती सायकल घेऊन आरिस्तोबुलोकडे गेली. आरिस्तोबुलो गावचा सायकल मेकॅनिक, तरुणपणी सायकलच्या शर्यतींत उतरलेला, आणि ओतिलियाच्या मुलीचा धर्मपिता. त्या नात्याने ती त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे.

“ही बुटाला अडकणारी पेडलं आहेत, कोमाद्रे,” तो म्हणाला. “बुटाच्या तळाला दोन स्क्रूंनी पट्टी बसवायची. पाय दाबला की खट्ट करून अडकतो. टाच बाहेर फिरवली की सुटतो.”

“आणि नाही सुटला तर?”

“तर पडता.”

“सरळ सांगितलंत ते बरं केलंत.”

“मी काय म्हणतो, तुम्हाला कशाला ही भानगड? साधी पेडलं बसवून देतो. या वयात...”

“कोम्पाद्रे, वय तुमचं माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि तुम्ही हीच वापरता. देवमातेने सायकल दिली ती पेडलांसकट दिली. बसवा पट्टी.”

आरिस्तोबुलोची मुलगीही पूर्वी सायकलच्या शर्यतींत उतरायची. लग्न करून ती बोगोताला गेली तेव्हा तिचे लाल बूट दुकानातल्या फळीवर तसेच राहिले होते. वर नाडीऐवजी दोन चिकटपट्ट्या होत्या. ओतिलियाला ते घट्ट झाले, पण तिने पाय कोंबले. उभी राहिली तर फरशीवर टक टक वाजलं.

“शेळीसारखं वाजतंय,” ती म्हणाली, आणि तिला ते आवडलं.

पहिले काही दिवस ती भट्टीच्या भिंतीला खांदा टेकून सायकलीवर बसायची. उजवा अडकव, सोडव. डावा अडकव, सोडव. उजव्या पायाला जरा वेळ लागायचा. लहानपणी त्या घोट्यावर गाईने पाय दिला होता आणि तो घोटा तेव्हापासून अडेलपणा करायचा. म्हणून तिने ठरवून टाकलं, थांबायचं ते नेहमी डाव्या पायावर. भिंतीपाशी सगळं झकास जमत होतं. तिला वाटलं, झालं, एवढंच तर आहे.

रविवारी मिस्सा संपल्यावर ती चौकात आली. चर्चच्या समोर दोन्या प्रेसेन्तासियोनचं, म्हणजे प्रेसेन्तासियोनबाईंचं, किराण्याचं दुकान. ही बाई दारात खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही बोलायचीच, तेही तिथल्या रीतीने आदराने ‘सुमेर्से’, म्हणजे ‘आपण’, म्हणून. ओतिलिया तिच्यासमोर ऐटीत थांबली. म्हणजे सायकल थांबली. ओतिलिया तशीच वर बसलेली, एक हात हलवत.

“सायकल थांबली की हो, ओतिलिया,” प्रेसेन्तासियोन म्हणाली. “आता सुमेर्से खाली उतरणार की दर्शनाला आम्ही वर येऊ?”

“उतरतेच आहे,” ओतिलिया म्हणाली, आणि तोललेला नांगर आडवा व्हावा तशी संथपणे, सायकलीसकट, डाव्या कुशीवर आडवी झाली. पाय अजून पेडलातच होते. हॅट घरंगळत दुकानाच्या पायरीशी गेली.

लोक धावले. कुणी सायकल ओढली, कुणी तिला ओढलं, आणि दोघी एकमेकींना अडकलेल्या असल्याने कुणालाच काही जमेना. शेवटी तीच ओरडली, “सगळे बाजूला व्हा! मला माझी टाच शोधू द्या!” तिने टाच फिरवली, खट्ट झालं आणि ती उठली. कोपर सोलवटलं होतं. प्रेसेन्तासियोन हसून हसून डोळे पुसत होती.

“उद्या पण याल का हो? मी शेजारणीला बोलावून ठेवते.”

“येईन की. खुर्च्या जास्त ठेवा.”

ती खरंच गेली. आणि खरंच पडली, या वेळी भाजीच्या गाड्यापाशी. पडणं कसं असतं हे तिला एव्हाना नीट कळलं होतं. वेगात असताना काही होत नाही. सायकल थांबते, डोकं म्हणतं पाय टेक, पाय म्हणतो मी बांधलेला आहे, आणि दोघांचा वाद मिटायच्या आत जमीन येते.

तिचा नवरा लेओविखिल्दो बटाटे पिकवायचा आणि फारसं बोलायचा नाही. गावातले लोक काय म्हणतात ते तो ऐकत होता, बायकोच्या कोपराला, मग गुडघ्याला, मग खांद्याला लावलेलं काळं मलम रोज बघत होता. एका सकाळी ओतिलिया गोठ्यामागे गेली तर सायकलीला साधी, रुंद, काळी पेडलं बसवलेली.

“माझ्या सायकलीचे पाय कुणी कापले?” तिने अंगणात येऊन विचारलं.

लेओविखिल्दो बटाटे निवडत होता. त्याने मान वर केली नाही. “मी. आरिस्तोबुलोकडून करून आणली. म्हटलं, चालवायची तर चालवा, पण...”

“पण काय?”

“माझी आई अंगणात पडली होती. इथेच. साधं पाय घसरून. कंबरेचं हाड गेलं, मग ती उठलीच नाही.” त्याने एक बटाटा उगीचच दोन्ही हातांत फिरवला. “मला भीती वाटते हो.”

ओतिलियाचा राग तिथेच विरला. ती त्याच्या शेजारी पोत्यावर बसली. थोडा वेळ दोघंही बटाटे निवडत राहिले.

“पेडलं परत बसवून आणा,” ती हळूच म्हणाली. “आणि भीती वाटते तर घरी बसून घाबरू नका. जवळ येऊन घाबरा. मी पडेन तिथे उभे राहा.”

त्यानंतर दुपारी गावाबाहेरच्या फुटबॉलच्या मैदानावर एक नवाच खेळ सुरू झाला. ओतिलिया गवतावरून सायकल चालवायची आणि रुआना खांद्यावर टाकलेला, डोक्यावर हॅट दाबून धरलेला लेओविखिल्दो सीट पकडून शेजारून धावायचा. थांबायची वेळ आली की तोच ओरडायचा, “टाच!” ती टाच फिरवायची. कधी सुटायची, कधी दोघंही गवतात. गवत मऊ होतं. एकदा पडल्यावर दोघं उठायच्या ऐवजी तसेच पडून हसत बसले, तेव्हा कुंपणापलीकडून जाणाऱ्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

मग गुडघा दुखायला लागला. आतल्या बाजूने, सुई टोचल्यासारखा. आरिस्तोबुलो म्हणाला, वय. प्रेसेन्तासियोन म्हणाली, शिक्षा. ओतिलियाने घरी आपले पाय जमिनीवर टेकवून पाहिले. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळलेले, बदकासारखे. सगळ्या सियाचोकेंचे असेच होते. मग तिने बूट पालथे करून पाहिले, तर तळाच्या पट्ट्या अगदी सरळ, नाकासमोर. ती तडक दुकानात गेली.

“कोम्पाद्रे, हे बूट तुमच्या मुलीच्या पायांनी चालतात. माझे पाय असे आहेत, बघा. पट्ट्या वळवा.”

आरिस्तोबुलोने बघितलं, कपाळावर हात मारला आणि स्क्रू सैल करून पट्ट्या थोड्या तिरक्या बसवल्या. दोन दिवसांत गुडघा गप्प झाला.

आणि मग एका सकाळी ती वीटभट्टीच्या चढावर गेली. हा चढ ती जुन्या लोखंडी सायकलवरून जन्मभर चढत आली होती, जीभ बाहेर काढून. आज दोन्ही पाय अडकलेले. दाबणारा पाय खाली जात होता, तेव्हाच दुसरा पाय पेडलला वर ओढत होता. सटकायची भीती नाही, नडगीला मार नाही. कुणीतरी पाठीला तळहात लावून ढकलत असल्यासारखं वाटत होतं. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं. कुणी नव्हतं. वर पोचल्यावर तिने टाच फिरवली, डावा पाय टेकला आणि एकटीच मोठ्याने म्हणाली, “असं आहे तर!”

त्याच आठवड्यात तिने लेओविखिल्दोला सांगितलं की या वर्षी ती खिंडीत सायकलने जाणार.

दर वर्षी ख्रिसमसच्या आधी तिबाकुताचे पुरुष सायकलींवरून तीन क्रुसांच्या खिंडीत जात. तिथे पारामोच्या थंडगार माळावर एक छोटं चॅपल आहे. बायका ट्रकमधून जात, सोबत भरड्या गव्हाच्या कुचुको सुपाचं भलंमोठं पातेलं. बायकांनी सायकलने येऊ नये असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. सूप कुणी करायचं एवढाच प्रश्न असे, आणि ते कायम ओतिलियाच करत आली होती. ट्रकच्या फळीवर बसून कांदे चिरता चिरता ती चढणाऱ्यांचे चेहरे बघायची. दर वर्षी तिच्या मनात यायचं, हे काही माझ्यापेक्षा फार भारी नाहीत.

“मग सूप?” लेओविखिल्दोने विचारलं.

“तुम्हाला दोन हात आहेत.”

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. चौकातून निघताना कुणी टोमणे मारले, कुणी टाळ्या वाजवल्या. ओतिलियाने सुरुवातीपासूनच आपली चाल धरली, घाई नाही, हयगय नाही. तरणी पोरं भुर्रकन पुढे गेली. तिच्या वयाचे पुरुष पहिल्या तासात बडबडत होते, दुसऱ्या तासात गप्प झाले. बटाट्यांची शेतं संपली, कुंपणं संपली, रस्त्याच्या उजव्या हाताला दरी उघडली. श्वास तोंडातून दोरीसारखा निघत होता. तिला मजा येत होती.

अर्ध्या वाटेवर एक वळण आहे, तिथे ट्रक उभा असतो आणि सगळ्यांना गरम गुळाचं पाणी मिळतं. तिलाही हवं होतं. तिने लांबूनच डाव्या पायाची टाच बाहेर फिरवली.

खट्ट झालं नाही.

पुन्हा फिरवली. बूट फिरला, भलताच फिरला, पण पट्टी जागची हलली नाही. तिला लगेच उमगलं. दोनांतला एक स्क्रू वाटेत कुठेतरी पडला होता. आता बूट राहिलेल्या एका स्क्रूभोवती नुसता गोल फिरणार, सुटणार नाही. उजवा पाय काढता आला असता. पण त्या बाजूला दरी, रस्ता खड्या चढाचा, आणि त्या घोट्यावर सगळा भार टाकायची वेळ तिने आजवर येऊ दिली नव्हती. सायकल डुलली. तिने दात आवळले, पेडल मारलं आणि सायकल सरळ केली.

प्रेसेन्तासियोन पेला घेऊन रस्त्यात उभी होती. “आल्या, आल्या! थांबा, पाणी घ्या!”

“थांबता येत नाही!” ओतिलिया ओरडली आणि तिच्या समोरून निघून गेली.

“बघा बघा, कसा माज! म्हणे थांबता येत नाही!”

हातात पेले घेऊन उभे असलेले पुरुष बघत राहिले. त्यांतला आरिस्तोबुलो घाईघाईने सायकलीवर चढला, पण त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो तिथेच एका पायावर नाचायला लागला.

पुढचा चढ सगळ्यांत वाईट. थोड्या वेळाने मागून ट्रकचा आवाज आला. ट्रक तिच्या शेजारून हळूहळू चालायला लागला, आणि मागच्या फळीवरून लेओविखिल्दो वाकला. हातात डाव तसाच होता.

“काय झालं?” त्याने हळू विचारलं. इतर कुणाला ऐकू जाणार नाही असं.

“डावा सुटत नाही. स्क्रू पडला.”

त्याने डाव बाजूला ठेवला. “मी उतरतो. पुढे उभा राहतो. तुम्ही या, मी सीट धरतो, मैदानात धरायचो तसं.”

हे जमलं असतं. ओतिलियाला ते माहीत होतं. तो तिला पडू देणार नाही, हेही माहीत होतं. फार तर दहा पेडलं आणि ती त्याच्या हातात असती, मग ट्रकमध्ये, अंगावर कांबळं, हातात गुळाचं पाणी. तिने पुढे पाहिलं. धुक्यातून रस्ता वर वळत गेला होता. पाय दुखत होते, छाती भात्यासारखी चालली होती, आणि तरीही पाय फिरत होते. थांबता येत नाही ही गोष्ट खरी होती. पण मघापासून थांबावंसं वाटतही नव्हतं, आणि ते तिला आत्ता लक्षात आलं.

“नको,” ती म्हणाली. “वर जा. सूप ढवळा, तळाला लागेल.”

“अहो, पण वर कसं उतरणार?”

“वर सपाटी आहे. बघते.”

लेओविखिल्दोने डाव पुन्हा उचलला. मग त्याने ट्रकच्या टपावर थाप मारली आणि ट्रक पुढे गेला.

शेवटचा टप्पा तिने कसा काढला ते तिलाही नीट सांगता येत नाही. धुकं दाट झालं, वारा समोरून आला. एकदा तिला वाटलं आपण चढत नसून रस्ताच खाली सरकतोय. एकदा तिने गाईंना हाकतात तसं स्वतःला “हो! हो!” करून हाकललं. मग अचानक पायांखालचं वजन गेलं. सपाटी आली होती. चॅपलची पांढरी भिंत दिसली, ट्रक दिसला, माणसं दिसली, आणि ती सगळी हात पसरून तिच्याकडे यायला लागली.

“लांब राहा!” ती कडाडली. “कुणी हात लावायचा नाही!”

लोक जागीच थबकले. ओतिलियाने एक हात हँडलवरून काढला, वाकली, आणि लाल बुटाच्या दोन्ही चिकटपट्ट्या चर्र करून उघडल्या. सायकल हळू चालली होती. तिने पाय बुटातून ओढून बाहेर काढला आणि जाड लोकरीच्या मोज्यातला पाय ओल्या गवतावर टेकवला. मग सावकाश उजवा पाय सोडवला. सायकल उभी, ती उभी, आणि पेडलला एकटा लाल बूट लटकलेला.

सगळ्यांच्या नजरा त्या बुटावर गेल्या. मग आधी येऊन पोचलेल्या तरण्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

“स्क्रू पडला होता,” ओतिलिया सगळ्यांना सांगायला लागली. “म्हणून नाही थांबले. स्क्रू पडला होता हो!”

“ऐका,” प्रेसेन्तासियोन ट्रकमधून उतरत म्हणाली. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पाण्याकडे ढुंकून बघितलं नाही बाईने. खालपासून वरपर्यंत एकदाही थांबली नाही. आणि आता म्हणे स्क्रू!”

गावात तीच गोष्ट राहिली. ओतिलिया अजून खरं काय ते सांगते, आणि लोक हसून मान हलवतात.

लेओविखिल्दोने वाटी भरून आणली. एवढ्या वर्षांत त्या खिंडीत तिला कुणी वाढून दिलं नव्हतं. ती चॅपलच्या पायरीवर एक पाय मोज्यात, एक बुटात अशी बसली आणि वाटी दोन्ही हातांत धरली. तो समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता.

“कसं झालंय?”

तिने घोट घेतला, मग आणखी एक. “मीठ कमी आहे,” ती म्हणाली. “आणखी वाढा.”

लंगडत पोचलेल्या आरिस्तोबुलोने खिशातल्या सामानातून एक स्क्रू काढला आणि पट्टी पक्की करून दिली. उताराला ती ट्रकमध्ये बसली नाही.

आता ती आठवड्याचे दिवस लोखंडी सायकलीवरून, रबरी बूट घालून पाव पोचवते, आणि सुट्टीच्या दिवशी लाल बुटांत डोंगरात जाते. गेल्या उन्हाळ्यापासून शनिवारी दुपारी मैदानावर तिच्यासोबत आणखी काही बायका असतात. कुणाच्या सायकली भावाच्या, कुणाच्या मुलाच्या. ओतिलिया मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभी असते.

“पडायचंच आहे, तर गवतावर पडा,” ती सांगते. “आणि डोळे उघडे ठेवून पडा, म्हणजे कळेल काय चुकलं. चला, दोन्या मार्सेलीना, सुरुवात सुमेर्सेंपासून. टाच!”